पाच तारे

वॉटरफोर्ड
आयर्लंड
१२ फेब्रुवारी २०१७

प्रिय पद्मा,

तुझ्या अक्काचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज. गिरीशरावांना नमस्कार, आणि स्मृतीला तिच्या पोटातल्या बाळासकट माझा एक पापा.

पत्र बघून दचकली असशील. रविवारी तर फोनवर बोललो, मग अक्काला पत्राची हौस कुठून आली? हौस नाही गं. फोन मी स्वयंपाकघरात घेते आणि ह्या घराच्या भिंती लाकडाच्या आहेत. शर्वाणी वर कपड्यांच्या घड्या घालत असली तरी तिला खालचं सगळं ऐकू जातं. तिकडे तुझा फोन गिरीशराव उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. म्हणून पत्र. तू वाच, आणि ह्यातलं काही फोनवर काढू नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. हरीशच्या हॉस्पिटलातल्या ड्यूट्या तशाच. घरी येतो तेव्हा मोजे काढतानाच झोपतो. शर्वाणीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली, तिचा चेहरा उजळलाय. ईशाचा पुढचा दात पडला. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं चांगलं चाललंय. ‘आजी, इट्स ग्रँड’ हे तिचं सगळ्यावरचं औषध. दूध उतू गेलं तरी ग्रँड.

सकाळी तिघं बाहेर पडली की घर माझं. माझं म्हणजे कुणाचंच नाही. तुला माहीत आहे, हे गेल्यावर मी मिरजेच्या घरात एकटी राहिले, पण तिथं दारावरून भाजीवाली तरी जायची. इथं दारावरून कुणी जात नाही. टपाल टाकणारा सुद्धा हळूच टाकून जातो. पुस्तकं आहेत म्हणून बरं. सातवीनंतर मला कुणी काही शिकवलं नाही हे तू जाणतेस. पुढं जे काही वाचलं ते ह्यांच्या बाइंडिंगच्या दुकानातले सुटे फर्मे, म्हणजे न शिवलेली छापील पानं. कधी गोष्टीचा शेवट आधी आणि सुरुवात दुसऱ्या आठवड्यात. इंग्रजी इथं आल्यावर शिकले, ईशाच्या चित्रांच्या पुस्तकांवरून आणि डिक्शनरीवरून. वाचलेलं कळतं. बोललेलं मात्र इथले लोक तोंडात साखरेचा खडा ठेवून बोलतात, त्यामुळे निम्मं निसटतं.

तर सांगायचं ते असं. बॅलीब्रिकेनच्या चढावर एक छोटी बेकरी आहे. क्युबा देशाची बाई चालवते. क्युबा म्हणजे अमेरिकेच्या खालचं उसाचं बेट. ओडालिस तिचं नाव. नवरा इथलाच, ट्रक घेऊन फ्रान्सला जातो. गेल्या पावसाळी थंडीत मी तिथून जात होते आणि दारातून वास आला. पद्मा, ओला मैदा आणि ऊब. ह्यांच्या दुकानात खळ शिजायची ना, तो वास. मी फुटपाथवर उभीच राहिले. ओडालिसनं काचेतून पाहिलं आणि हातानं आत ये म्हणाली. आत गेले तर मला रडू आलं. तिनं काही विचारलं नाही. खुर्ची दिली, कॉफी दिली. कॉफी म्हणजे काकवीच, एवढीशी, आणि डोकं लख्ख.

तेव्हापासून मी तिथं जाते.

इथं लोक दुकानाबद्दल इंटरनेटवर मत लिहितात आणि पाचापैकी तारे देतात. ती मतं वाचून दुसरे लोक येतात किंवा येत नाहीत. ओडालिसचा जीव त्या ताऱ्यांत. सकाळचा पहिला पाव बाहेर काढला की ती हात पुसते आणि फोनवरची मतं मोठ्यानं वाचते. ‘कॉफी म्हणजे डांबर. दोन तारे.’ ‘पाव बरा आहे, पण ब्ला नव्हे.’ ब्ला म्हणजे ह्या गावचा मऊ, पिठूळ पाव. त्याच्यावर इथल्यांचा जीव आहे आणि दुसऱ्या कुठल्या पावाला ते सहज पास करत नाहीत. ओडालिसच्या पावात डुकराची चरबी असते, त्यामुळे मला त्यात मत नाही. एकदा एकानं लिहिलं, ‘मालकीण हसते, पण बिल देताना.’ ओडालिस म्हणाली, ‘मग काय रडू?’

एक दिवस तिला भट्टीपाशी काम होतं म्हणून फोन माझ्या हाती दिला. मी एकेक शब्द लावत वाचू लागले. ‘पेरूची पेस्ट्री डेडली आहे. सावध राहा.’ डेडली. मी पिशवीतून डिक्शनरी काढली. प्राणघातक. मी फोन पालथा ठेवला. कारण आदल्या दिवशी त्या पेस्ट्र्या भरल्या होत्या मीच. पेरूची वडी डब्यातून काढली होती मी, डबा फुगलेला होता का हे आठवेना. कोण मेलं? मूल असेल का? त्या दिवशी मी ओडालिसला काही बोलले नाही. ईशाला शाळेतून आणताना रस्त्यात विचारलं, डेडली म्हणजे काय गं? ती म्हणाली, ‘डेडली मीन्स क्लास, आजी.’ क्लास म्हणजे वर्ग ना? ‘नो! क्लास मीन्स सॅव्हेज.’ सॅव्हेज म्हणजे रानटी. शेवटी तिनं अंगठा वर करून दाखवला तेव्हा कळलं, फार आवडलं की इथले लोक असं बोलतात. मी रस्त्याच्या कडेला बसून हसले.

आता तू विचारशील, अक्का पेस्ट्र्या कशाला भरत होतीस.

अगं, हात रिकामे राहत नाहीत. त्या पेस्ट्र्या म्हणजे आपले कानवलेच, आत पेरू. ओडालिस त्यांच्या कडा काट्यानं दाबायची. दाबलेली कड भट्टीत उघडते आणि पाक बाहेर येतो. मी म्हटलं, दे इकडे, आणि मुरड घातली. ती बघत राहिली. तुला वाईट वाटू देऊ नकोस, पण स्मृतीच्या लग्नात कानवल्यांना मुरड घालायला सगळ्या बसल्या होत्या आणि मला तुझ्या सासूबाईंनी आत नारळ खोवायला पाठवलं. हे गेल्याला वर्षही झालं नव्हतं. सासरी जाणारीनं मुरडून माहेरी यावं म्हणून घालायची ती मुरड, ती माझ्या हातची नको, हे मला समजतं. पण त्यानंतर माझी बोटं कानवल्याला लागलीच नव्हती. इथं लागली. आणि इथं कुणाला माहीतच नाही की ती लागू नयेत.

मी काम करत नाही हं. हातभार लावते. पैसे घेत नाही.

हरीशला सांगितलंय की मी लायब्ररीत जाते. जातेही, मंगळवारी.

तुझं ब्लडप्रेशर मोजत जा. लोणचं कमी खा.

तुझी
अक्का

•

वॉटरफोर्ड
२३ एप्रिल २०१७

प्रिय पद्मा,

आशीर्वाद. स्मृतीला मुलगी झाली, फोनवर मी आनंदानं ओरडले ते खरंच होतं. पण तू म्हणालीस, ‘अक्का, आवाज बसलाय का तुझा,’ तेव्हा मी सर्दी म्हटलं. सर्दी नाही. मला भीती वाटतेय. ती कुठं ठेवावी कळत नाही म्हणून तुझ्याकडे पाठवतेय.

माझ्याबद्दल मत आलं.

दुकानात एक मिस्टर पॉवर येतात. इथं ह्या आडनावाची माणसं आपल्याकडच्या पाटलांसारखी पैशाला पासरी आहेत. काचेच्या कारखान्यात काच कापायचे, आता रिटायर. बायको गेलेली. खिडकीपाशी बसतात, एक कॉफी आणि एक पेरूवाली. माझ्याशी हवामानावर बोलतात. मला निम्मं कळतं, त्यांना माझं निम्मं, त्यामुळे भांडण होत नाही. त्यांनी लिहिलं. ओडालिसनं टाळ्या वाजवत वाचलं:

‘पाच तारे. इथं सुलू नावाची भारतीय आजी काम करते. रोज सकाळी. कडा हातानं वळते, बघत राहावं अशी. वॉटरफोर्डात हिच्याइतकं कष्टाळू कुणी नाही. जा आणि तिला हाय म्हणा.’

खाली फोटो. मी, एप्रन बांधलेली, कपाळाला पीठ. मान खाली आहे पण ओळखू येते.

ओडालिसनं मला मिठी मारली. मी एप्रनची गाठ सोडली.

तुला सांगितलं नव्हतं ते आता सांगते. मी इथं ज्या परवानगीवर राहते तिच्यावर स्वच्छ लिहिलंय की ह्या बाईनं काम करायचं नाही. मुलानं पोसायचं. दरवर्षी गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, जाऊन शिक्का नवा करून घ्यायचा. मी आले तेव्हा हरीशनं ते सगळं मराठीत वाचून दाखवलं होतं आणि म्हणाला होता, ‘आई, ह्यात गंमत नाही हं. तुझ्यावर काही आलं तर आमच्यावर येईल.’ त्याचे, शर्वाणीचे इथलं नागरिक होण्याचे कागद डब्लिनला गेलेत. वर्ष होत आलं, उत्तर नाही. चारित्र्य चांगलं हवं, असं त्यात आहे. मी सही केली होती. आणि मग त्याच चढावर, गार्डा स्टेशनच्या खाली, काचेच्या मागं बसून कानवले वळत होते.

मी मनाशी म्हणायची, हे काम नाही, हातभार आहे. शेजारच्या घरी पापड असले की आपण जाऊन बसतो, त्याला कुणी नोकरी म्हणतं का? ओडालिसला विचारलं, तुमच्या भाषेत ह्याला वेगळा शब्द आहे का. ती मला ‘मी व्हिदा’ म्हणते, म्हणजे माझ्या जिवा. म्हणाली, ‘मी व्हिदा, पीठ लागलं की ते काम.’ मग तिला परवानगीचं सांगितलं. तिचा रंग उतरला. ती म्हणाली, ‘आधी का नाही सांगितलंस? दंड मला पण होईल. दुकान जाईल.’ रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मत तिला पुसता येत नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. म्हणून मी मिस्टर पॉवरांसमोर जाऊन बसले.

‘माझं काही चुकलं का, सुलू?’

‘नाही. तुम्ही चांगलं लिहिलं. फार चांगलं लिहिलं.’

‘मग?’

‘पुसून टाका.’

त्यांनी कप बाजूला सारला. म्हणाले, ‘आयुष्यभर मी तक्रारी लिहिल्या. बसवर, बँकेवर, पाद्र्यावर. माझी बायको मॉरीन म्हणायची, मिक, एकदा तरी कुणाचं कौतुक कर. एकदा केलं, तर तू म्हणतेस पुसून टाक.’

मी कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं की ते आणखी एका माणसाला कळतं. त्यांचे डोळे भरले गं, आणि ते माझ्यामुळे. त्यांना पुसता येत नाही, त्यांची कॉर्क शहरातली मुलगी येऊन पुसणार. ती येईपर्यंत ते तिथंच होतं, आणि लोक वाचत होते. माणसं दारात येऊन ‘व्हेअर इज द ग्रॅनी?’ विचारायची. मी मागच्या पिठाच्या खोलीत बसायला लागले.

दहा-बारा दिवसांपूर्वी निळं जाकीट घातलेला एक माणूस हातात फाइल घेऊन आला. ओडालिसला म्हणाला, आत कोण कोण असतं? मी पिठाच्या पोत्यांमागं जाऊन बसले. तोंडावर हात. पीठ नाकात गेलेलं आणि शिंक दाबून धरलेली. मला वाटलं, आता हा दार उघडेल आणि मला असं बघेल, उकिडवी, पांढरी, चोरासारखी, आणि हरीशला हॉस्पिटलातून बोलावतील. तो माणूस फ्रिजची थंडी मोजायला आलेला होता. मोजली, सहा पेरूवाल्या घेतल्या आणि गेला. ओडालिसनं दार उघडलं तेव्हा मला उठता येईना. तिनं काखेत हात घालून उठवलं.

मी म्हटलं, मी उद्यापासून येत नाही.

ती म्हणाली, ‘मला माहीत आहे.’

आता मी घरी असते. पॉवरांचं मत गेलं. पण दुसरी येताहेत. शर्वाणीच्या जुन्या फोनवर मी रोज बघते, बघू नये कळतं तरी बघते. ‘आजी नव्हती. कडा पुन्हा काट्याच्या. तीन तारे.’ ‘ती भारतीय बाई गेली का? चौकशी केली तर मालकीण उत्तर देत नाही.’ चौकशी हा शब्द वाचला की मी फोन बंद करते आणि पुन्हा उघडते. त्यांना आठवण येतेय, आणि त्यांच्या प्रत्येक आठवणीत माझं नाव आहे. शिव्या दिल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं.

दारावरची घंटा वाजली की मी जिन्याखाली उभी राहते. टपालवाला असतो.

जूनमध्ये शिक्का नवा करायचा आहे. हरीश रजा घेऊन बरोबर येणार आहे. त्याला काहीही माहीत नाही.

पत्र वाचून झालं की फाडू नकोस, जाळ.

अक्का

•

वॉटरफोर्ड
१८ जून २०१७

प्रिय पद्मा,

बाळाचा फोटो मिळाला. नाक गिरीशरावांचं आहे, चालायचंच. तिला माझे आशीर्वाद, तुलाही.

बारशाला मी नव्हते ह्याची चुटपुट राहील. पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. तू तीन रविवार फोनवर ‘अक्का, ते झालं का’ एवढंच विचारतेस आणि मी ‘झालं’ म्हणते. काय झालं ते सांगते.

हरीश आणि मी सकाळी गेलो. चढावरून जाताना दुकानासमोरून जावं लागलं. मी पलीकडे बघत चालले. स्टेशनात खुर्च्यांवर निरनिराळ्या देशांची माणसं, सगळ्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पाकिटं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एक ब्राझीलचं पोर तेवढं रांगत होतं.

काचेमागं एक गार्डा बाई होती, शर्वाणीपेक्षा थोडी मोठी. पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्ट. पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, हिनं ते मत वाचलंय. दुकान हाकेच्या अंतरावर आहे, ही तिथूनच तर जेवण घेत असणार. हरीशनं विम्याचे, बँकेचे कागद सरकवले. तिनं सगळं लावून घेतलं आणि मग मला, हरीशला नाही, सरळ मला विचारलं, ‘आणि तुम्ही कुठं काम वगैरे करत नाही ना?’

मी ठरवलं नव्हतं, पद्मा. देवाशप्पथ. पण पोत्यांमागं बसल्यापासून मला रोज तेच स्वप्न पडायचं, आणि ही बाई साधेपणानं विचारत होती. मी खरं सांगायला तोंड उघडलं. हातभाराला इंग्रजी शब्द नाही. मी दोन्ही हात वर करून दाखवले आणि म्हटलं, ‘आय गिव्ह हँड.’

ती हसली. ‘अगदी बरोबर,’ म्हणाली. ‘मुलांना घरी हातभार लावता. आमची मम्मीही तेच करते. तुम्ही नसता तर ह्यांचं काय झालं असतं!’

‘नो,’ मी म्हटलं. ‘नॉट होम.’

हरीश चटकन म्हणाला, ‘आई माझ्या मुलीला सांभाळते. तिला शाळेत सोडते, आणते.’ आणि टेबलाखाली त्याचा हात माझ्या मनगटावर आला. जोरात. डॉक्टरचा हात, पण नाडी बघायला नव्हे.

शिक्का बसला. खरं सांगायला गेले आणि त्याचंच खोटं झालं, आणि ते खोटं मला पुसता आलं नाही.

बाहेर गाडीत बसलो. हरीशनं किल्ली लावली नाही.

‘काय बोलणार होतीस आई तू तिथं?’

‘खरं.’

‘मला माहीत आहे खरं.’

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर, काचेतून बाहेर बघत होता.

‘एप्रिलपासून माहीत आहे. वॉर्डातल्या सिस्टरनं तिच्या फोनवर फोटो दाखवला. म्हणाली, डॉक्टर, ही तुमची मम्मी ना? गेल्या ख्रिसमसला भेटली होती ती तुला. मी म्हटलं, नाही.’

‘बरं केलंस.’

‘पुढचं ऐक. मी म्हटलं, ही माझी आई नाही, आम्ही इंडियातले लोक तुम्हाला सगळे सारखेच दिसतो. ती लाल झाली गं. दोन दिवस माफी मागत होती. सगळ्या स्टाफसमोर. आणि मी तिला माफ केलं. मी! मान हलवून म्हटलं, इट्स ग्रँड.’

‘आणि मला का नाही विचारलंस?’

‘विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला माहीत आहे असं झालं असतं.’

तो रडत नव्हता. ड्यूटीवरून आल्यावर असतो तसा चेहरा होता, मोजे काढतानाचा.

मला राग यायला हवा होता. खोटं कशाला लिहू, भीतीच वाटली, पण ती गार्डांची नव्हती. इतके महिने मी घाबरत होते की हे लोक मला परत पाठवतील. त्या गाडीत मला कळलं की न पाठवताही माणूस घालवता येतं. मी इथंच राहीन, शिक्का असेल, खोली असेल, ईशा असेल, आणि कुणी फोटो दाखवला की माझा मुलगा नाही म्हणेल. आणि तो वाईट नाही पद्मा, म्हणून तर भीती. चांगल्या मुलाला ते जमलं. पुढच्या वेळी आणखी सोपं जाईल.

मी म्हटलं, ‘गाडी इथंच असू दे. पेस्ट्र्या घ्यायच्यात.’

‘आई, नको.’

‘पैसे देऊन घ्यायच्यात. गिऱ्हाइकाला बंदी नाही. मी विचारून घेतलंय, वाचूनही घेतलंय.’

‘कुणी ओळखलं तर?’

‘ओळखणारच. म्हणून तर चल.’

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. मी एकटीच उतरले आणि चालायला लागले. मागून दार बंद झाल्याचा आवाज आला.

दुकानात गर्दी होती. ओडालिसनं मला बघून हातातला ट्रे खाली ठेवला. मग तिचं लक्ष मागं गेलं, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड लटकवलेल्या ह्या उंच माणसाकडे, आणि तिची नजर लगेच कोरडी झाली. शहाणी बाई, त्याला सरकारी माणूस समजली.

‘काय देऊ मॅडम?’ जणू पहिल्यांदाच बघतेय.

‘चार पेरूच्या.’

पण मिस्टर पॉवर खिडकीपाशी होते. त्यांना कोण शहाणपण शिकवणार. ‘सुलू!’ म्हणाले, उठलेच. खुर्ची पडली. ‘कुठं होतीस? मी समजलो माझ्यामुळे गेलीस.’ सगळं दुकान वळून बघायला लागलं. एक बाई म्हणाली, ‘ही ती ग्रॅनी का?’ आणि मग पॉवर हरीशकडे हनुवटी करून म्हणाले, ‘हू इज युअर मॅन?’

इथं कुठल्याही परक्या माणसाला ‘युअर मॅन’ म्हणतात, मला आता माहीत आहे. तरी ऐकलं की काळजात हलतं, माझा माणूस तर गेला.

मी उत्तर दिलं नाही. मी देऊ शकले असते. जीभ हलली होती. पण दिलं नाही. हरीशकडे बघितलंही नाही, काउंटरच्या काचेत बघत राहिले. कॉफीचं मशीन फुसफुसत होतं, ते थांबलं. एखादं पान उलटायला लागेल एवढाच वेळ गेला असेल. मला त्यात त्याचं सगळं दिसलं, डब्लिनला गेलेले कागद, शर्वाणीची नोकरी, ईशाची शाळा, आणि मी दुसऱ्या बाजूला. नाही म्हणाला असता तर मी त्याला दोष देणार नव्हते. पण मी मिरजेला परत आले असते. ते मी गाडीतून उतरतानाच ठरवलं होतं.

तो म्हणाला, ‘आय’म हर सन.’

आवाज फुटका होता. म्हणून पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. मग आपणहून नाव सांगितलं, आणि हॉस्पिटलचंही.

पॉवरांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचनात. ‘गुड मॅन युअरसेल्फ,’ म्हणजे शाब्बास, असं म्हणत राहिले. ओडालिस आत गेली. भट्टीशी काही नव्हतं तरी आत गेली.

घरी येऊन हरीशनं शर्वाणीला सगळं सांगितलं, माझ्यासमोर. ती खूप रागावली, माझ्यावर आणि त्याच्यावरही. ‘दोघं मिळून आमचं वाटोळं करा,’ म्हणाली. तिचं खरं आहे. मी ऐकून घेतलं. दोन दिवस ती माझ्याशी ‘जेवा’ आणि ‘ठेवा’ एवढंच बोलली.

तिसऱ्या दिवशी तिनंच फोन माझ्यासमोर धरला. मिस्टर पॉवरांनी पुन्हा लिहिलंय, ह्या वेळी मुलीच्या मदतीशिवाय, चुका आहेत खूप.

‘पाच तारे. सुलू आली होती, गिऱ्हाईक म्हणून. बरोबर तिचा मुलगा. आपल्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहे. कान आईचे आहेत.’

शर्वाणी हरीशला म्हणाली, ‘काढायला सांग त्यांना. आत्ता सांग.’

हरीशनं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि म्हणाला, ‘राहू दे.’

तेव्हापासून ते तिथं आहे. कुणीही वाचावं. सिस्टरनं वाचलं असेल, आणि हरीश म्हणतो, त्यानं तिला स्वतःहून खरं सांगितलं. तिनं काय म्हटलं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. डब्लिनहून अजून काही आलेलं नाही. रस्त्यावर गाडी हळू झाली की माझा हात थांबतो. शर्वाणी खिडकीपाशी जाऊन बघते आणि पडदा सरळ करते. भीती गेली असं तुला लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आता एवढ्यात मी आणखी खोटं बोलणार नाही. उद्या कुणी दारात उभं राहिलं तर मी जिन्याखाली जाणार नाही एवढंच ठरवलंय. जमेल का माहीत नाही.

दुकानात मी आत जात नाही. गिऱ्हाइकांच्या बाजूला बसते, कॉफी घेते, वाचते. हात मांडीवर ठेवते. फार अवघड जातं.

हे पत्र जाळू नकोस. गिरीशरावांना वाचून दाखव, स्पीकरवर दाखवलंस तरी चालेल. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, सुलक्षणा तिकडे काय करते, तर खरं ते सांग.

तुझी अक्का,
सुलक्षणा,
हरीशची आई